तालुक्याच्या डॉक्टरने संशोधन का करू नये?

पौडहून मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणी घाट उतरला आणि निजामपूर, माणगाव मागे टाकले की महाड येते. वैद्यकीय संशोधनाचा विषय निघाला की आपल्याला दिल्लीचे एम्स, वेल्लोर किंवा परदेशातील विद्यापीठे आठवतात. पण विंचूदंशाच्या उपचाराची दिशा बदलणारे काम आपल्या शेजारच्या या महाड परिसरात झाले.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी डॉक्टर म्हणून रुजू झाले. कोकणातील लाल विंचू चावला की धडधाकट माणूसही बघता बघता दगावे. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय आणि मग फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून टिपला. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. विषामुळे रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो, तर त्या सैल करणारे औषध द्यावे, असा सरळ विचार त्यांनी केला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. त्याचे निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आले. पुढे २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्णांची लक्षणे दहा तासांत पूर्ण ओसरली. नुसत्या प्राझोसिनवर तेवढ्या वेळात बरे झालेले रुग्ण ३५ पैकी ८ होते. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण जात. हे प्रमाण त्यांच्या रुग्णांत एक टक्क्याच्या खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण तिची दुसरी बाजू अशी की चाळीस वर्षांनंतरही आपल्याला हेच नाव पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. महाराष्ट्रात शेकडो ग्रामीण रुग्णालये आणि त्याहून कितीतरी जास्त प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. मग बावस्कर अपवादच का राहिले? तालुक्याच्या ठिकाणचे डॉक्टर हुशार नाहीत, असे कारण मला पटत नाही. माझ्या मते कारण व्यवस्थेच्या रचनेत आहे.

मी मुळशी तालुक्यात सरकारी नोकरीत आहे. या एका तालुक्यात हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्या आहेत, पिरंगुटचे कारखाने आहेत आणि घाटमाथ्यावर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. संगणकासमोर बसून तिशीत मधुमेह झालेला अभियंता आणि दिवसभर राबूनही पोट खपाटीला गेलेली बाळंतीण एकाच आठवड्यात भेटतात. अभ्यास करण्याजोगे प्रश्न इथे पावलोपावली आहेत. भातलावणीच्या दिवसांत साप चावल्यापासून प्रतिविषाची पहिली कुपी मिळेपर्यंत किती वेळ जातो आणि तो नेमका कुठे वाया जातो? बांधकामावरच्या स्थलांतरित मजुरांची क्षयाची औषधे साइट बदलली की किती जणांची सुटतात? रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळूनही लोक तिसऱ्या महिन्यात का थांबतात? याची उत्तरे बोस्टनमधून येणार नाहीत आणि पुण्यातील मोठ्या रुग्णालयातूनही येणार नाहीत, कारण तिथे पोहोचतो तो रुग्ण आधीच गाळून आलेला असतो.

असे प्रश्न नीट हाती घेतले की काय होते, याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. इथल्या बाळांचे सरासरी वजन इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोने कमी होते, पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आतून चरबी राखून असलेले हे बाळ पुढे मधुमेहाकडे का झुकते, हा विचार या गावांतून जगभर गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत राबवली. ती न राबवलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले. पुढे ही पद्धत ‘आशा’ताईंमार्फत देशाच्या कार्यक्रमात आली. पण या दोन्ही कामांमागे संस्था होती, प्रशिक्षित माणसे होती आणि वर्षानुवर्षे टिकणारा निधी होता. याज्ञिकांच्या अभ्यासाला ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचे पाठबळ होते, तर बंगांच्या कामाला फोर्ड आणि मॅकआर्थर प्रतिष्ठानांचे. सरकारी नोकरीतील एकट्या डॉक्टरकडे यातले काही नसते.

देशात संशोधनासाठी पैसाच नाही, असे म्हणणे आता बरोबर ठरणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देशभरातून प्रकल्प मागवून अनुदान देते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या संशोधनाची तिची योजना १९७९ पासून चालू आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये उभारलेली ‘इंडिया अलायन्स’ डॉक्टरांना पाच वर्षांच्या पाठ्यवृत्ती देते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन केंद्रे उभी राहिली. ग्रामीण आरोग्य संशोधनासाठी आदर्श केंद्रांची योजना आहे, आपल्या राज्यात डहाणूला असे केंद्र चालते. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपये उभे करण्याचा संकल्प सोडला गेला.

मग अडते कुठे? पहिली अडचण आकाराची आहे. आयसीएमआरच्या ‘लहान’ अनुदानाची मर्यादा दोन कोटी रुपयांची आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला दोन कोटी नको असतात. त्याला दोन लाख हवे असतात: नोंदी ठेवणाऱ्या एका परिचारिकेचे मानधन, थोड्या तपासण्या, घरोघरी जायला गाडीचे पेट्रोल आणि आकडेमोड करून देणारा संख्याशास्त्रज्ञ. दोन कोटींचा अर्ज लिहायला जी यंत्रणा लागते, ती दोन लाखांची गरज असलेल्या माणसाकडे नसते.

दुसरी अडचण वेळेची. सकाळची ओपीडी, बाळंतपणे, रात्रीचे अपघात, शवविच्छेदन, न्यायालयातील साक्षी, शिबिरे आणि निरनिराळ्या पोर्टलवर भरायची माहिती, यातून उरलेल्या वेळात संशोधन करा, असे सांगणे ही थट्टा आहे. ब्रिटनमध्ये संशोधनाकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरला प्रशिक्षणकाळातच पाव वेळ संशोधनासाठी राखून मिळतो. अमेरिकेत सरकारी पाठ्यवृत्ती मिळालेल्या डॉक्टरचा पाऊण वेळ संशोधनासाठी मोकळा ठेवण्याचे बंधन त्याच्या संस्थेवर असते. त्या देशांएवढी चैन आपल्याला परवडणार नाही. पण आठवड्यातला एक दिवसही परवडू नये?

तिसरी अडचण बढतीची आहे. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आरोग्य सेवेतील डॉक्टरला लागत नाहीत. म्हणजे जिथे रुग्ण आणि प्रश्न आहेत तिथे लिहिण्याला मोल नाही, आणि जिथे मोल आहे तिथे पुष्कळदा नुसती संख्या भरली जाते. एका पाहणीनुसार २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध प्रसिद्ध झाला नव्हता. पुढे सक्ती आली, तसे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचेही फावले. डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिके तपासली. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. नुसती सक्ती केली की कागद वाढतो, ज्ञान वाढतेच असे नाही.

चौथी अडचण परवानगीची. रुग्णांवरील कोणताही अभ्यास नैतिकता समितीने तपासल्याशिवाय होऊ नये, याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण तालुक्याच्या रुग्णालयात अशी समिती नसते. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी यावर वाट काढली आहे. चाचणीच्या जागी समिती नसेल, तर त्याच शहरातील किंवा ५० किलोमीटरच्या आतील दुसऱ्या समितीकडे जाता येते. पौडपासून पुणे त्याहून कितीतरी जवळ आहे. नियम आहे, पण तालुक्यातला अर्ज कोणत्या समितीने घ्यायचा, हे ठरवून दिलेले नाही. त्यामुळे तो ओळखीवर चालतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो वाजवी आहे. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, औषधांची ओरड, रुग्णवाहिकेची वाट बघावी लागते. अशा वेळी संशोधन कसले करता, आधी रुग्ण तपासा. रुग्णाच्या बाजूने विचार केला तर हे बरोबर वाटते. पण विंचूदंशाचे उदाहरण पाहा. बिरवाडीला त्या काळी डॉक्टर होता, सलाईन होते, रुग्णालाही आणले जात होते. नव्हते ते एवढेच की या रुग्णाला नेमके काय द्यायचे हे ज्ञान. ते मिळाले तेव्हा काही रुपयांच्या गोळीने माणसे वाचली. रिकाम्या जागा भरायलाच हव्यात, पण भरलेल्या जागेवरच्या डॉक्टरने चुकीच्या समजुतीवर उपचार केले तर रुग्णाला त्याचा काय फायदा?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गरिबांवर प्रयोग होतील ही भीती निराधार नाही, इतिहासात तसे घडले आहे. म्हणूनच मी नव्या औषधांच्या चाचण्यांची मागणी करत नाही. चालू उपचारांच्या नीट नोंदी, विलंबाची कारणे, उपचार सुटण्याची कारणे, अशा अभ्यासांतून सुरुवात व्हावी. त्यात रुग्णाला त्याच्याच भाषेत समजावून संमती घेतली जावी आणि निघालेला निष्कर्ष आधी त्याच्या गावात सांगितला जावा.

काय करता येईल? आरोग्य विभागाने पाच मोजक्या गोष्टी केल्या तरी चित्र पालटेल. एक, दोन ते पाच लाखांची तालुका संशोधन अनुदाने, तीन पानी अर्जावर आणि तीन महिन्यांत निर्णय देणारी. निधी रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात यावा, म्हणजे खर्च तिथल्या तिथे होईल आणि हिशेबही लोकांना दिसेल. दोन, अनुदान मिळालेल्या डॉक्टरला आठवड्यात एक दिवस मोकळा आणि त्या दिवशी बदली डॉक्टरची सोय. नाहीतर त्याचा भार शेजारच्या सहकाऱ्यावर पडेल आणि संशोधन हा शब्दच नकोसा होईल. तीन, अभ्यास संपेपर्यंत बदली नाही. तीन पावसाळ्यांच्या सर्पदंशाच्या नोंदी हव्या असतील आणि डॉक्टर दुसऱ्याच पावसाळ्यात दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर ते पैसे पाण्यात गेले म्हणायचे. चार, प्रत्येक जिल्ह्याला एक वैद्यकीय महाविद्यालय जोडून द्यावे. त्याची नैतिकता समिती, ग्रंथालय आणि संख्याशास्त्रज्ञ तालुक्याच्या डॉक्टरला हक्काने वापरता यावेत. पाच, पूर्ण झालेल्या अभ्यासाची नोंद गोपनीय अहवालात आणि बढतीत व्हावी. मोजताना निबंध किती हे पाहू नये. त्यातून रुग्णालयाच्या कामात काय बदलले, हे पाहावे.

तरुण डॉक्टरांनाही एक सांगणे आहे. निधीची वाट पाहत बसू नका. केसपेपर नीट लिहा, वेळ लिहा, तारीख लिहा, रुग्ण घरी गेल्यावर काय झाले ते विचारा. आयसीएमआरच्या चेन्नईच्या संस्थेचा जैववैद्यकीय संशोधनाचा प्राथमिक अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन करता येतो, तो सक्ती नसली तरी करा. आपल्या वहीतल्या नोंदीला प्रश्नाचे रूप कसे द्यायचे, हे त्यातून कळते.

आणि वाचकहो, याचा तुमच्याशी संबंध काय, असे वाटत असेल तर पुढच्या पावसाळ्यातल्या एखाद्या वाडीवरच्या सर्पदंशाचा विचार करा. त्या रुग्णाला कुठे न्यायचे, वाटेत काय करायचे, किती कुप्या द्यायच्या, हे आपण आज बऱ्याच अंशी दुसरीकडच्या अनुभवावरून ठरवतो. इथला अनुभव इथल्याच रुग्णालयात दर वर्षी जमा होतो आणि दर वर्षी रद्दीत जातो. तो वाचवायला तालुक्याला वर्षाकाठी काही लाख रुपये लागतील. पुढच्या अंदाजपत्रकात तेवढा एक रकाना आरोग्य खात्याने उघडावा, आणि तो उघडला का, हे आपल्या लोकप्रतिनिधींना तुम्ही विचारावे.