काशीस जावे, नित्य वदावे!

'काशीस जावे, नित्य वदावे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शुभ संकल्प सतत बोलून दाखवला की तो कधीतरी सिद्धीस जातो, असा तिचा भाव. प्रशासनाने मात्र तिचा पूर्वार्ध सोडून दिला आणि 'नित्य वदावे' एवढेच उचलले. मीही त्याला अपवाद नाही. अवघड फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारून निर्णय पुढे ढकलल्याचे अनेक प्रसंग मला आठवतात.

या दिरंगाईवर रामबाण म्हणून सुचवला जातो तो धाक : कालमर्यादा, कारणे दाखवा नोटीस, न्यायालयाचा बडगा. हा समज किती तोकडा आहे, ते खुद्द काशीतच पाहावे. १४ जून १९८६ रोजी राजीव गांधी यांनी वाराणसीत गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. पुढे दीनापूर येथे दररोज ८ कोटी लिटर क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. मार्च २००० मध्ये पहिला टप्पा समाप्त म्हणून जाहीरही झाला. परंतु वीज गेली की पंप थांबत आणि मैला थेट गंगेत जाई. बांधकामाला मुदत होती. पंप रोज चालवण्याला कसली मुदत? धाक काम सुरू करून देतो, ते चालू ठेवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

दुसरी प्रेरणा मोबदल्याची. २०१७ मध्ये वाराणसीतील रमना येथील दररोज ५ कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रासाठी वेगळ्या धर्तीचा करार झाला. बांधकामकाळात खर्चाचे ४० टक्केच द्यायचे. उरलेले ६० टक्के पुढील १५ वर्षांत, केंद्र नीट चालले तरच. यावर काहीजण नाक मुरडतात : 'मग सेवाभाव कुठे गेला?' मी विचारतो, सेवाभावाच्या भरवशावर ठेवलेले पंप इतकी वर्षे कोणी चालवले?

तथापि मोबदल्यालाही मर्यादा आहे. केंद्रापर्यंत न पोहोचलेला नाला कोणाच्याच देयकात बसत नाही. तिथे तिसरी प्रेरणा लागते, आस्थेची. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. सरकारी योजनेच्या चार वर्षे आधी, १९८२ मध्ये, त्यांनी गंगेच्या शुद्धीसाठी संस्था काढली. तिच्या प्रयोगशाळेत नदीचे पाणी तपासले जाऊ लागले. २०१३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी हा विषय सोडला नाही. ज्या पाण्यात श्रद्धेने स्नान करायचे, त्याची तपासणी उद्यावर कशी टाकणार?

आमची चूक ही, की आम्ही तिन्ही रोगांना धाकाचीच मात्रा देतो. आरंभाला मुदत द्या, देखभालीला मोबदला जोडा आणि आस्था असलेल्या माणसाला, मग तो खात्यातला असो वा बाहेरचा, अडथळा समजणे थांबवा. अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात उद्घाटनांची संख्या नको. पाच वर्षांनी काय चालू आहे, ते लिहा.

असो. परमुलुखातून काशीयात्रेला येणाऱ्या मराठी वाचकांना एकच विनंती : घाटावर हात जोडून झाले, की नाला कुठे मिळतो तेही विचारा. वदणे पुष्कळ झाले.