भंडाऱ्यातून लॉग-इन

'मी भंडाऱ्यातून काम करतो' म्हटलं की पुण्यातल्या मित्रांचं ठरलेलं वाक्य येतं, "मजा आहे बाबा, सगळा पगार वाचत असेल!" आणि गावातले मित्र हळूच विचारतात, "कंपनीनं काढलं का बे?" मंडळी, दोन्हीचं उत्तर 'नाही'.

आधी थोडा इतिहास. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि आमच्यासारखे शेकडो लोक लॅपटॉप काखेत मारून आपापल्या गावी आले. त्याच वर्षी टीसीएसनं जाहीर केलं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के लोकांनी ऑफिसात बसलं तरी पुरे. मग ऑक्टोबर २०२३ पासून त्याच टीसीएसनं लोकांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात बोलावलं. बाकीच्या कंपन्यांनीही कमीअधिक तेच केलं. थोडक्यात काय, तर हे सुख कंपनीच्या एका ई-मेलवर टांगलेलं आहे. माझ्यासारखे काहीजण अजून टिकून आहेत, इतकंच.

आता पैशाचं. घरभाडं कमी, भाजी स्वस्त, ट्रॅफिकमध्ये दोन तास जात नाहीत, सगळं मान्य. पण घरी इन्व्हर्टर लागतो. फायबर आहे, तरी पावसाळ्यात विजा कडाडल्या की कधी लाईन जाते, आणि मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर क्लायंटची मीटिंग. मोठ्या तपासणीला, लॅपटॉपच्या दुरुस्तीला, विमानाला नागपूरच गाठावं लागतं, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. रेल्वेचं 'भंडारा रोड' स्टेशनसुद्धा भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे! हे सगळं मांडलं की वाचलेल्या पगाराचा आकडा बराच खाली येतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की 'पैसे वाचतात' हे गावातून काम करण्याचं सगळ्यात कमकुवत कारण आहे. तेवढ्यासाठी आलेला माणूस पहिल्या पगारवाढीला परत जातो.

मग खरं कारण कोणतं? संध्याकाळी आईबाबांसोबत जेवता येतं. जुलैत रोवणीच्या दिवसांत गावाबाहेर पडलं की पाण्यानं भरलेल्या बांध्या दिसतात. दिवाळीनंतर रात्रभर झाडीपट्टीतलं नाटक बघता येतं (दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला डोळे उघडे ठेवणं हा वेगळा विषय). पण हे झालं माझ्या फायद्याचं. भंडाऱ्याला माझा काय फायदा? हा प्रश्न आपण कुणी विचारत नाही.

जर्मनीत वॉलडॉर्फ नावाचं एक गाव आहे. लोकसंख्या जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि एसएपीचं मुख्यालय तिथे! आपलं भंडारा शहर २०११ च्या जनगणनेत सुमारे ९२ हजारांचं होतं, म्हणजे त्याच्या सहापट. फरक असा की तिकडे कंपन्यांकडून व्यवसाय कर घेण्याचा हक्क नगरपालिकेला असतो. कंपनी वाढली की गावाच्या तिजोरीत भर पडते. आपल्याकडे माझी कंपनी बाहेरगावी, माझा आयकर दिल्लीला, व्यवसाय कर मुंबईला. खरेदी ऑनलाईन. नगरपरिषदेला माझ्या नोकरीतून थेट काही मिळत नाही. मी नुसताच खोलीत बसून राहिलो, तर माझ्यामुळे गावात एकच गोष्ट होईल, घरभाडी वाढतील.

म्हणजे द्यायचं ते दुसरं काहीतरी असायला हवं. ते काय, हे सांगायला एक तारीख पुरेशी आहे : ९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला पहाटे आग लागली आणि १० बाळं गेली. मग राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. मला सारखं वाटतं, की हे ऑडिट आगीच्या आधी कोण मागणार होतं? ज्यांना फाईल वाचता येते, अर्ज लिहिता येतो, साहेबासमोर न घाबरता बोलता येतं, अशी मुलं बारावीनंतर नागपूरला जातात, तिथून पुण्याला, तिथून जमलं तर अमेरिकेला. त्यांना या दवाखान्याची गरजच उरत नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि पुढे आपल्या वैनगंगेत येतं. याबद्दलही तोच विचारणार, ज्याला ते पाणी रोज प्यायचं आहे.

आमचा दिवस जातो लॉग वाचण्यात आणि 'हे का बंद पडलं' विचारण्यात. तेच कौशल्य गावाला हवंय. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. दवाखान्याचं शेवटचं फायर ऑडिट कधी झालं, पाण्याची तपासणी कधी झाली, हे शनिवारच्या एका तासात विचारता येतं. त्यासाठी नोकरी सोडायला नको, निवडणूक लढवायला नको. अर्धं डोकं पुण्यात ठेवून मात्र हे होत नाही. मतदार यादीत नावसुद्धा इथलंच हवं.

उद्या ऑफिसात परत या असा ई-मेल मलाही येईल कदाचित. तेव्हा काय करायचं ते तेव्हा बघू. पण तोवर इथे राहायचं तर भाडेकरूसारखं नाही, गावकऱ्यासारखं. तुमच्यापैकी कुणी गोंदियात, वर्ध्यात, लातुरात बसून काम करत असाल, तर या सोमवारी लंच ब्रेकमध्ये तुमच्या जिल्हा रुग्णालयात एक चक्कर मारा. आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख तेवढी वाचून या.