डॉक्टरांचे मत आणि न्यायालय

"डॉक्टर, जखम गंभीर आहे असे लिहून द्या," अशी गळ आम्हा जालन्यातील डॉक्टरांना नेहमीच घातली जाते. डॉक्टरांनी लिहिले की निकाल लागला, असा समज आहे. तसे नसते. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 45 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 39 आहे. साक्षीदार त्या विषयातला जाणकार आहे, हे आधी न्यायालयाला पटावे लागते. मग मत कशावरून बनवले, याची उलटतपासणी होते.

पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे 13 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात वारल्या. रासायनिक तपासणीत विष सापडले नाही. मृत्यू मधुमेहाच्या मूर्च्छेने झाला, असा अभिप्रायही आला. तरीही इतर वैद्यकीय साक्षी व परिस्थितीजन्य पुरावा तपासून सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये डॉ. अनंत लागू यांची फाशी कायम केली. आमच्या व्यवसायाला हे झोंबेल, पण मला ते रास्त वाटते.

तेव्हा "गंभीर" या शब्दासाठी हट्ट धरू नका. मारहाण झाल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. जखमेची लांबी, खोली, जागा आणि तपासणीची वेळ नोंदवली जाईल असे पाहा. रक्त वाहत असेल तर मात्र आधी उपचार, कागद मागाहून.