पुढच्यास ठेच, मागच्यास कोळसा!

हॉस्टेलात भांडण कशावरून होईल याचा नेम नसतो. बादलीवरून होतं, चार्जरवरून होतं, मेसमधल्या शेवटच्या पोळीवरून तर रोजच होतं. पण गेल्या सत्रात आमच्या कॉमन रूममधलं सगळ्यांत मोठं भांडण झालं ते कोळशावरून! तोही खरा नव्हे, लाकडाचे एवढे एवढे ठोकळे. त्यांच्यापायी चौघे जण आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते. त्या भांडणात मीही होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाचं नाव ‘पॉवर ग्रिड’. एक सीनियर पासआउट होताना खोका आमच्या मजल्यावर ठेवून गेला. फ्रीडेमान फ्रीझ नावाच्या जर्मन गृहस्थांनी तो केला आहे. हे गृहस्थ केस हिरवे रंगवतात आणि आपल्या बहुतेक खेळांची नावं ‘एफ’ अक्षरावरून ठेवतात. याचंही मूळ नाव ‘फुंकेनश्लाग’. आज खेळतात ते रूप २००४ साली आलं. सोबत दोन नकाशे, एक जर्मनीचा आणि एक अमेरिकेचा. प्रत्येक खेळाडू म्हणजे एक वीज कंपनी. लिलावात वीजकेंद्रं घ्यायची, बाजारातून कोळसा, तेल, कचरा नाहीतर युरेनियम आणायचं, नकाशावरची शहरं जोडायची, त्यांना वीज पुरवायची आणि पैसे कमवायचे. सुरुवातीला प्रत्येकाच्या हातात सारखेच ५० इलेक्ट्रो. फासे नाहीत, त्यामुळे ‘नशीबच फुटकं’ म्हणायची सोय नाही. शेवटच्या फेरीत जो सर्वांत जास्त शहरं उजळवेल तो जिंकला.

इथपर्यंत कुणाचीच तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती पाळीच्या नियमापाशी.

नियम असा. ज्याची शहरं जास्त, तो पुढे. पण पुढे असणं म्हणजे काय? लिलाव सुरू करायची पाळी त्याची. ज्याने केंद्र घेतलं तो त्या फेरीपुरता लिलावाबाहेर, त्यामुळे जो शेवटी उरतो त्याच्याविरुद्ध बोली लावायला कुणीच नसतं. तो आरामात छापील किमतीला केंद्र उचलतो. मग इंधन घ्यायची वेळ आली की क्रम उलटा. सर्वांत मागचा पहिला आणि पुढचा शेवटी. बाजार भरलेला असेल तर पहिले तीन कोळसे १ इलेक्ट्रोला, पुढचे तीन २ ला, असा भाव चढत जातो. मागच्या चौघांनी तीन-तीन उचलले की पुढच्याला तोच कोळसा ५ च्या भावाने! म्हणजे एकाचे ३ जातात तिथे दुसऱ्याचे १५. शहरं जोडतानाही तेच. मोक्याची जागा मागचे आधी घेतात.

आता यावर आमच्या टेबलावरची मतं ऐका.

आमचा मेकॅनिकलवाला टॉपर आहे आणि खेळतोही टॉपरसारखाच. त्याचं म्हणणं, ‘मी डोकं लावून पुढे गेलो, त्याची ही शिक्षा? मग चांगलं खेळायचंच कशाला?’

कॉम्प्युटरवाल्याला हाच नियम जीव की प्राण. तो मुद्दाम मागे राहतो. पाच जणांच्या डावात कुणी सातवं शहर जोडलं की दुसरा टप्पा सुरू होतो आणि एका शहरात दुसऱ्या कंपनीलाही शिरता येतं. हा पठ्ठ्या सहाच्या आतच घुटमळतो, स्वस्त कोळसा साठवतो, नोटा झाकून ठेवतो आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारतो. वर म्हणतो, ‘भावा, नियम सगळ्यांनाच वाचता येतात.’

सिव्हिलवाल्याच्या मते हा खेळच नव्हे, टॅलीचा क्लास आहे. शेवटच्या फेरीत प्रत्येक जण अर्धा अर्धा तास कॅल्क्युलेटर बडवतो. कुणावर हल्ला नाही, कुणाचं काही लुटायचं नाही. नुसत्या बेरजा. त्याचं हे म्हणणं मला अर्धं पटतं. शेवटच्या फेरीत मीदेखील दोनदा डुलकी काढली आहे.

एकदा इलेक्ट्रिकलचे सर फेरी मारायला आले आणि पंधरा मिनिटं उभे राहून बघत होते. ते म्हणाले, ‘यात ग्रिड कुठे आहे? वहनातली गळती नाही, लोड नाही, पन्नास हर्ट्झ सांभाळायचं टेन्शन नाही. हा तर बाजाराचा खेळ आहे.’ खरंच आहे. आमच्या राज्याच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे कळव्याला, ‘मेरिट ऑर्डर’ चालते. स्वस्त वीज देणाऱ्या केंद्राला आधी पाळी. इथे मेरिटवाल्याला शेवटी! सरांना सांगितलं की २०१३ साली या खेळाचा भारतीय उपखंडाचा नकाशाही निघाला. त्यात सगळ्यांनी मिळून घाईघाईने फार शहरं जोडली तर वीज जाते आणि सगळ्यांचं उत्पन्न घटतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेकडची ग्रिड लागोपाठ दोन दिवस कोसळली होती, ते आठवून सर हसले. म्हणाले, ‘मग तो नकाशा आणा, मी खेळतो.’ (सर, वर्गणी चालू आहे.)

पाचवा माझा रूममेट. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. तो बोलतो कमी. त्याचं मत एका वाक्याचं होतं. ‘पहिल्या फेरीत माझी चूक झाली तरी शेवटपर्यंत खेळावंसं वाटतं.’

वाद फार वाढला तेव्हा आम्ही इंजिनिअरांनी करावं तेच केलं. प्रयोग! दोन डाव नियम उलटा करून खेळलो. जो पुढे, त्याला इंधन आधी, शहरंही आधी. टॉपर खूश. पहिल्या डावात तोच पुढे गेला. स्वस्त कोळसा त्याला, म्हणून शिल्लक त्याच्याकडे, म्हणून पुढचं शहर त्याचं, म्हणून परत पहिली पाळी त्याचीच. चौथ्या फेरीपर्यंत निकाल कळला होता. सिव्हिलवाला मोबाइल बघत बसला आणि कॉम्प्युटरवाला चहा आणायला गेला तो आलाच नाही. दुसऱ्या डावात मी पुढे होतो. मी जिंकलो. खरं सांगतो, काही मजा आली नाही. उरलेले तिघे फक्त माझ्यासाठी बसून होते. दोन डाव म्हणजे काही संशोधन नव्हे, पण आमच्यापुरतं पुरेसं होतं.

तरीही टॉपर हटेना. चिडून म्हणाला, ‘असंच असेल तर बुक बँकेतसुद्धा शेवटच्या नंबराला पहिलं बोलवा!’

सगळे हसले. रूममेट हसला नाही. तो म्हणाला, ‘बोलवा ना. एकदा करून तर बघा.’

त्यानंतर टेबलावर कुणी काही बोललं नाही. कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आपल्याकडे बुक बँकेचे संच गुणानुक्रमे वाटतात. वरच्या नंबरांना पूर्ण संच, नव्या आवृत्तीचे. यादी खाली सरकेल तशी पुस्तकं कमी होत जातात. एक केटी घेऊन बसलेल्या माझ्या रूममेटची पाळी आली तेव्हा दोन पुस्तकं उरली होती, त्यातल्या एकाची शेवटची तीन प्रकरणं गायब. त्याने पूर्ण सत्र माझ्या पुस्तकावर काढलं. म्हणजे मी झोपल्यावर, रात्री दोननंतर. आणि ज्याला पहिला संच मिळाला त्याच्याकडे त्यातली निम्मी पुस्तकं विकत घेतलेली आधीच होती. (हे त्याने स्वतःच नंतर कबूल केलं, म्हणून लिहितो.)

आता माझं मत.

मला वाटतं, टॉपर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो आहे. शर्यतीचा निकाल ही एक गोष्ट आणि शिदोरीची वाटणी ही दुसरी. पॉवर ग्रिडमध्ये मागे राहणाऱ्याला कुणी जिंकवत नाही. त्याला स्वस्त कोळसा मिळतो, पण तो जाळून शहरं त्यालाच उजळवावी लागतात. शेवटी बघतात ते कुणी किती शहरं उजळवली तेवढंच. तिथे माफी नाही. जो चांगला खेळतो तोच जिंकतो, फक्त पुढे आहे म्हणून आपोआप आणखी पुढे जात नाही. खेळातला उत्पन्नाचा तक्ताच बघा. एकही शहर न उजळवणाऱ्यालाही १० इलेक्ट्रो मिळतात. पहिल्या शहराने ते २२ होतात, म्हणजे १२ ची वाढ. एकोणिसाव्यावरून विसाव्यावर गेलं की १४८ चे १५०. वाढ फक्त २ ची. पहिलं पुस्तक आणि विसावं पुस्तक यांतला फरक याहून वेगळा आहे का? ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक मिळालं तर तो पास होतो. ज्याच्याकडे सगळी आहेत त्याच्या कपाटात एक वाढतं.

नियमात खोट नाही असं मात्र मी म्हणणार नाही. कॉम्प्युटरवाला तीच वापरतो. हा नियम शहरं मोजतो, ताकद मोजत नाही. त्यामुळे ज्याच्या हातात नोटांची गड्डी आहे तोसुद्धा ‘गरीब’ ठरून स्वस्त कोळसा नेतो. मागच्यासाठी केलेल्या कुठल्याही सोयीत मागे असल्याचं सोंग घेणारे घुसतात, हे आपण सबमिशनच्या मुदतवाढीत दर सत्रात बघतो. पण म्हणून नियमच मोडायचा? तो नीट मोजायला शिकायचं. आणि बुक बँकेत ही भीती तशीही कमी. दोन पुस्तकं आधी मिळावीत म्हणून मुद्दाम केटी लावून घेणारा शूर वीर मला तरी अजून भेटलेला नाही!

मला सगळ्यांत जास्त खटकतं ते वेगळंच. या खेळात सगळे सारख्या ५० इलेक्ट्रोंनी सुरुवात करतात. तरीसुद्धा खेळ करणाऱ्याला वाटलं की पुढच्याला थोडं जड आणि मागच्याला थोडं हलकं केल्याशिवाय डाव रंगणार नाही. आपण हॉस्टेलात आलो तेव्हा आपल्या हातात सारखे ५० होते का? कुणाच्या घरात दोन इंजिनिअर, कुणाच्या घरात पहिलाच पदवीधर. आणि आपला नियम बरोब्बर उलटा.

म्हणून ग्रंथपाल सरांना आणि बुक बँक समितीला नम्र विनंती. गुणानुक्रम पूर्ण रद्द करा असं म्हणत नाही. अभ्यास करणाऱ्याचा मान राहिलाच पाहिजे. एका सत्रात यादी वरून वाचा, पुढच्या सत्रात खालून. किंवा पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोनच पुस्तकं द्या आणि मग उरलेली गुणानुक्रमे वाटा. एक वर्ष करून बघा. निकाल घसरला तर जुना नियम आहेच.

टॉपरचं म्हणाल तर तो आठवड्याने परत खेळायला आला. मत बदललेलं नाही. अजूनही दर फेरीला कोळशाचा भाव बघून शिव्या घालतो. मात्र येताना दोन पुस्तकं रूममेटच्या टेबलावर ठेवून आला होता, त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ज्यांना माझं मत पटत नसेल त्यांनी शनिवारी मेस झाल्यावर कॉमन रूममध्ये यावं. खेळ सहा जणांचा आहे, आम्ही पाच आहोत. कॅल्क्युलेटर आपापला आणावा.