आरसा नसलेला कॅमेरा घेताना

भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित उतरतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची पांढरी पिसं फोटोत नीट येणं महाकठीण. डीएसएलआरच्या आरशातून डोळ्याला दिसतं तेच दृश्य दिसतं. पिसांचा तपशील राहिला की उडाला, हे क्लिक केल्यावर मागच्या स्क्रीनवर कळतं. तोवर थवा हललेला असतो. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र सेन्सरला दिसतं ते दिसतं. एक्स्पोजर कमी केलं की चित्र तिथल्या तिथे काळवंडतं. हिस्टोग्राम म्हणजे उजेडाचा आलेख उजव्या कडेला जाऊन चिकटला, की पांढरं जळणार हे आधीच समजतं. नवशिक्याने मिररलेसच घ्यावा, तो या एका कारणासाठी.

2008 साली पॅनासॉनिकच्या लुमिक्स जी1पासून हा प्रकार रुळू लागला. 2018मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल फ्रेम मिररलेस घेऊन आले आणि पारडं फिरलं.

दुकानात बोलणं मेगापिक्सेलवर येतं, पण खरा निर्णय असतो माउंटचा, म्हणजे लेन्स बसते त्या खोबणीचा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स घरात राहतात. आरसा गेल्यामुळे लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर घटलं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते 46.5 मिलिमीटर होतं, झेड माउंटमध्ये 16 आहे. उरलेल्या जागेत अडॅप्टर मावतो, म्हणून जुन्या लेन्सही चालतात. पण निकॉनची 50 एमएमची ‘डी’ लेन्स घरोघरी आहे, ती एफटीझेड अडॅप्टरवर बसते आणि फोकस हातानेच करावा लागतो. ती फिरवणारी मोटर त्या अडॅप्टरमध्ये नाही. जुनी लेन्स सोबत नेऊन, लावून बघूनच पैसे मोजावेत.

गाण्याच्या मैफलीत आलाप चालू असताना आवाज न करता फोटो घेता येतो, हे मिररलेसचं मोठं सुख. अडचणही तिथेच येते. या बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, त्यामुळे मंचावरच्या एलईडीच्या उजेडात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. 2023च्या सोनी ए9 थ्रीमध्ये अख्खी फ्रेम एकदम टिपली जाते, पण त्याची किंमत हौशी माणसाला परवडणारी नाही. बाकीच्यांनी अशा वेळी मेकॅनिकल शटर लावावं आणि तबला सुरू होण्याची वाट बघावी.

बॅटरीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडा बघावा. प्रमाणित चाचणीत निकॉनच्या डी850 या डीएसएलआरची बॅटरी 1840 फोटोंना पुरते, झेड6 या मिररलेसची 310ना. प्रत्यक्षात सलग फोटो काढले तर जास्त निघतात. पण सेन्सर आणि स्क्रीन सतत जागे असतात, त्यामुळे पक्ष्याची नुसती वाट बघतानाही चार्ज उतरतो. खर्चाच्या हिशेबात दोन जादा बॅटऱ्या पहिल्याच दिवशी धराव्यात.

आणि धूळ. लेन्स काढली की बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच पडतो. काही कॅमेरे बंद केल्यावर शटरचा पडदा खाली घेतात, ती सोय मेन्यूत असली तर चालू करावी. मे महिन्यात ताडोबाच्या उघड्या जिप्सीत लेन्स बदलायचीच नाही; झूम लेन्स गेटवरच चढवून आत जावं.