पाइन पाडा, लॉन वाढवा!

गेल्या शनिवारी शेजारच्या दादांकडे चहाला गेलो होतो. चहा छान, पोहे त्याहून छान. विषय मात्र नको तिथे गेला. "अरे, मागची चार पाइन्स काढतोय. ट्रीवाला येतोय पुढच्या आठवड्यात. तू पण तुझी तीन काढून टाक ना, दोन्ही घरांचं एकत्र केलं तर डिस्काउंट देईल." जणू आंब्याची पेटी अर्धी अर्धी वाटून घ्यायची होती!

मी कॅरीत राहतो, नॉर्थ कॅरोलायनात. इथे आयटीतल्या मराठी माणसांना तोटा नाही आणि पाइनलाही नाही. आमच्या मागची झाडं लोब्लोली पाइन जातीची. एका जुडीत तीन सुया, नव्वद-शंभर फूट उंची, आणि लाल चिकणमातीतही मजेत वाढणारी. खत नको, फवारणी नको, एकदा रुजल्यावर पाणीही नको. आणि याच जातीच्या बिया १९७१ साली अपोलो १४ मधून चंद्राभोवती फिरून आल्यात. आपला एच-वन स्टॅम्पिंगचा प्रवास त्यापुढे काहीच नाही!

बरं, दादांची कारणं काय? एक, सुया पडतात. दोन, मार्चमध्ये गाडी पिवळी होते आणि ॲलर्जी होते. तीन, वादळात झाड घरावर पडेल.

सुयांचं घ्या. आपण लोक दर शनिवारी त्या गोळा करून रस्त्याच्या कडेला टाकतो आणि मग एप्रिलमध्ये दुकानातून 'पाइन स्ट्रॉ'चे गठ्ठे विकत आणून झाडांच्या बुडाशी पसरतो. तोच माल! स्वतःचंच कोड डिलीट करून त्याचंच लायसन्स विकत घेण्यासारखं आहे हे.

पिवळी पूड दिसते म्हणून तिच्यावर आळ येतो. पाइनचे परागकण मोठे आणि जड, त्यांनी ॲलर्जी क्वचितच होते. शिंका आणतात ते त्याच दिवसांत फुलणारे ओक वगैरे, ज्यांचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे ज्याचा लॉग दिसतो त्यालाच बग समजायचं.

तिसरं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १९९६ च्या 'फ्रॅन' चक्रीवादळात या भागात झाडांनी घरं फोडली, हे इथली जुनी माणसं अजून सांगतात. घराकडे कललेलं, बुंधा पोकळ झालेलं झाड असेल तर जरूर पाडा. पण आधी आर्बोरिस्टला दाखवा. ज्याचा धंदाच पाडण्याचा आहे, त्याला 'पाडू का?' विचारून काय उत्तर मिळणार? आणि एक गोष्ट दादांना कोणी सांगितलेली नाही. घोळक्यात वाढलेली पाइन्स एकमेकांच्या आडोशाने वारा सोसतात. त्यातली चार काढली की उरलेल्या तिघांवर सगळा वारा येतो. म्हणजे त्यांनी आपली चार पाडली की माझी तीन खरोखरच धोक्यात येतात. त्यांचा प्रश्न सुटतो आणि माझा सुरू होतो. म्हणून 'माझ्या अंगणात मी काहीही करीन' हे मला मान्य नाही.

आणि पाडून लावणार काय? लॉन! शिवाय आडोशाला लेलँड सायप्रस, समोर ब्रॅडफर्ड पेअर. लेलँड हा ब्रिटनमध्ये जन्मलेला संकर, इथल्या उकाड्यात कँकर आणि बॅगवर्मने हैराण होणारा. ब्रॅडफर्ड मूळचं चीनचं. चार दिवस पांढरं फुलतं, वास कुजक्या मासळीचा आणि जोराच्या वाऱ्यात मधोमध फाटतं. शेजारच्या साउथ कॅरोलायनाने ऑक्टोबर २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. इथे तर ब्रॅडफर्ड पाडल्याचा फोटो दाखवा आणि देशी झाड फुकट न्या, असे कार्यक्रम झालेत.

आपली ही सवय जुनीच म्हणा. पुण्यात बंगल्यापुढे 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिरवतं ते पाइन नाहीच, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं अरोकेरिया आहे. गुलमोहर मादागास्करचा. जिथे जाऊ तिथलं सोडून भलतंच लावायचं. पण पुण्यात पाइन नव्हतंच, इथे ते हक्काचं आहे. १९६३ पासून राज्यवृक्ष आहे. 'टार हील' हे राज्याचं टोपणनावही पाइनच्या डांबरावरून पडलं. त्या डांबरासाठी आणि लाकडासाठी लाँगलीफ पाइनची जंगलं संपवली गेली. आग्नेय अमेरिकेत एके काळी सुमारे नऊ कोटी एकर होती, आज त्यातली जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास उरलीत.

देशी म्हणजे कुठलंही पाइन नव्हे हं. व्हाइट पाइन याच राज्यातलं, पण डोंगराळ भागातलं. कॅरीच्या उन्हाळ्यात ते कष्टी होतं. इथे लोब्लोली, शॉर्टलीफ नाहीतर लाँगलीफ लावा, घरापासून चांगलं पंचवीस-तीस फूट लांब.

दादांना मी नाही म्हटलं. थोडं वाईट वाटलं त्यांना. त्यांची चार जातीलच, ती काही मी वाचवू शकत नाही. या हिवाळ्यात मी कुंपणाशी दोन लाँगलीफ लावणार आहे. लाँगलीफ पहिली काही वर्षं नुसतं गवताच्या झुबक्यासारखं दिसतं. उंची वाढत नाही, सगळी शक्ती खाली सोटमुळात जाते. तेवढ्यात लॉन कापणाऱ्या माणसाने ते गवत समजून उडवू नये, म्हणून शेजारी एक काठी रोवणार आहे.

असो. पोहे खरंच छान होते.