जुनी फर्माईश, नवा गळा
गायक रॉब हॅलफर्डने १९९२ मध्ये ‘ज्यूडास प्रीस्ट’ हा ब्रिटिश हेवी मेटल बँड सोडला. त्याच्या जागी आला टिम ‘रिपर’ ओवेन्स, याच बँडची गाणी गाऊन तयार झालेला अमेरिकन पोरगा. १९९८ च्या ‘लाइव्ह मेल्टडाउन’ या अल्बममध्ये तो हॅलफर्डच्याच चाहत्यांसमोर ‘पेनकिलर’ गातो. वरच्या पट्टीत कुठेही कच खात नाही!

दौंड तालुक्यातल्या चौफुल्याला संगीतबारी ऐकणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पेटी-ढोलकी तीच, गाणारी बदलते. शिरूर-दौंडकडचा रसिक फर्माईश मात्र जुन्याच लावणीची करतो. पसंत पडलं तर दौलतजादा, नाहीतर तोंडावर शांतता. हॅलफर्ड २००३ मध्ये परतला, ओवेन्सला जावं लागलं. आम्हाला तरी ओवेन्स नकलाकार वाटत नाही.